तिसऱ्या रकान्यातले अठरा दिवस

मॅडम,

तुम्ही गेल्याचं प्रणालीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी शीतगृहाच्या दाराशी उभी राहून हातमोजे काढत होते. "मावशी, मॅडम गेल्या. सकाळी. अकोल्यालाच." मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवून राहिलेली सफरचंदं निवडायला परत आत गेले. माणूस गेल्यावर कोणी बरं म्हणतं का? पण इथं केरळात भाषा कळत नाही, कोणी काही सांगितलं की मान हलवून मोकळं व्हायची सवय लागली आहे. तीच नडली.

जेवणाच्या सुट्टीत मात्र वास आला. राळेचा. तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही वायरी जोडताना तो पांढरा धूर वर चढायचा ना, तोच. डब्याचं झाकण हातात धरून मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. शेजारच्या बाईला खुणेनं विचारलं, वास येतो का? तिनं नाक ओढून पाहिलं आणि मान हलवली. नाही.

तिसऱ्या दिवशी प्रणालीचा परत फोन आला. वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, प्रणाली ही मॅडमची विद्यार्थिनी, सडणारी संत्री ओळखायच्या यंत्राचं मॅडमचं राहिलेलं काम आता तीच पुरं करून राहिली आहे. म्हणाली, कॉलेजात मॅडमवर एक पुस्तिका निघणार आहे, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी काय लिहू, मी सातवीतून निघालेली बाई. ती म्हणाली, जसं बोलता तसं लिहा. मग म्हणाली, "आणि एक गोष्ट, मावशी. मॅडमची वही मी पाहून राहिली. त्याच्यात तुमचे ते तुळशीच्या लग्नानंतरचे अठरा दिवस आहेत ना, ते म्हणजे सोनं आहे. यंत्राचा आकडा आणि तुमचा आकडा, एकाला एक. मी आलेख तेवढ्यांचाच काढणार. महिन्याच्या शेवटी पेपर पाठवते. मॅडमच्या नावानं जाईल."

मी परत बरं म्हटलं.

मॅडम, त्या अठरा दिवसांत मला कसलाच वास येत नव्हता.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता तुम्ही ऐकायला नाही, आणि मी पान भरून राहिले.

तुम्ही अमरावतीच्या कॉलेजातून आमच्या शेंदूरजना घाटला पहिल्यांदा आल्या, तेव्हा आम्ही बारा बाया मंडीत तणसावर बसून संत्री निवडत होतो. खांद्याला झोळी, हातात पत्र्याचा डबा, डब्याला वायर. कुसुमबाई हळूच म्हणाली, "काटा तपासणारी दिसते वं." मुकादमानं ते ऐकलं आणि पळत जाऊन वजनकाटा पुसायला लागला. तुम्ही काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका कॅरेटात वीतभर नळी खुपसली आणि डब्याकडे बघत बसल्या.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "त्याच्यात नाही जी. त्याच्या खालच्या कॅरेटात हाय."

"काय हाय?"

"सडणारा."

"सडका?"

"सडका नाही. सडणारा. उद्या-परवा."

तुम्ही खालचं कॅरेट तणसावर ओतायला लावलं आणि एकेक संत्रा बोटांनी चाचपत गेल्या. शेवटून तिसरा निघाला. देठाजवळ नखाएवढी जागा मऊ, वरून रंग एकदम चोख. तुम्ही पालथ्या कॅरेटावर बसल्या.

"कशावरून ओळखलं?"

"वास येऊन राहिला ना."

"मले तर नाही येऊन राहिला."

"तुमचं नाक अमरावतीचं हाय जी. धुरानं बुजलं असन."

बाया फिदीफिदी हसल्या. मुकादमाला वाटलं, आता ही मॅडम चिडते. तुम्ही म्हणाल्या, "अमरावतीत नोकरी हाय. नाक अकोल्याचं. त्याहून बेकार." मग माझं शिक्षण विचारलं. मी लाजून सांगितलं की सातवीत नाव होतं, वर्ग नव्हता. तुम्ही म्हणाल्या, "चालते. नाकाले शाळा लागत नाही."

त्या एका वाक्यानं माझं काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नाही. कुठेही सही करायची वेळ आली की माझ्या हाताला घाम सुटतो, बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत. तुमच्या त्या खोलीत मात्र हात कोरडा राहायचा.

आठवड्यातून तीन दिवस मी एसटीनं अमरावतीला यायला लागले. टेबलावर सहा बरण्या, बरण्यांवर कापड, आत संत्री. तुमची वही. पानाच्या वर तारीख, खाली तीन रकाने: बरणीचा नंबर, यंत्राचा आकडा, सुनंदाचा आकडा. फळ कापून पाहिलं तर आत अजून काहीच दिसत नाही, इतक्या आधी वास सुटतो. म्हणून यंत्र खरं बोलतं की नाही हे तपासायला तुमच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, माझं नाक होतं.

आकड्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणायची, हा गोड आहे, हा बसका, हा आंबूस, हा ओल्या पोत्यासारखा. तुम्ही म्हणायच्या, दहापैकी सांग.

"वासाले आकडा कसा लावू जी? भाजीत मीठ किती झालं ते घरी आकड्यात सांगता का?"

"नवरा सांगते ना," तुम्ही म्हणाल्या. "दहापैकी दोन."

शेवटी माझे शब्द तुम्ही भिंतीवर लिहून काढले आणि त्यांच्यापुढे आकडे टाकले. ओलं पोतं म्हणजे आठ. ते पोतं तिथं अजून असेल, कोणी रंग दिला नसेल तर.

यंत्र कसं चालतं ते तुम्ही एकदा दिवे बंद करून दाखवलं होतं. नळीच्या एका टोकाला बारका दिवा. दुसऱ्या टोकाला त्याचा उजेड मोजणारं बटणाएवढं काहीतरी. मधे लेप दिलेली काच. फळ सडायला लागलं की त्यातून वायू सुटतो, तो लेपाला लागला की काच जराशी काळवंडते, उजेड कमी पोचतो, आकडा चढतो. मग काच तापवून पुन्हा निर्मळ करायची, मोकळ्या हवेत शून्यावर आणायची, आणि मगच दुसरी बरणी. मी म्हटलं, मी पण तेच करते. दोन बरण्यांच्या मधे मी आपल्याच कोपराच्या आत नाक खुपसायची, लहानपणापासूनची सवय. तुम्ही ओरडल्याच, "प्रणाली, इकडे ये! हिच्या अंगात हीटर बसवेल हाय!"

नियम एकच होता. आधी नाक, मग काच. यंत्र तुमच्या बाजूला चालू असायचं, पण वहीत आधी माझा आकडा, आणि तो सांगेपर्यंत यंत्र मला दिसता कामा नये. माणसाचं मन झुकतं, तुम्ही म्हणायच्या, लबाडी न करता पण झुकतं. म्हणून मधे पुठ्ठा उभा केला होता.

आणि आपलं मोठं भांडण, ते तर तसंच राहिलं. मी विचारलं होतं, "हे यंत्र झालं की आमच्या बायांचं काय?" तुम्ही म्हणाल्या, यंत्र कॅरेट उचलत नाही, निवडत नाही, नुसतं सांगते. मी म्हटलं, "सांगणं हेच तर आमचं होतं. उचलणारे लय हायेत." तुम्ही चिडल्या. मग, शेतकऱ्याचा गाडीभर माल परमुलखात जाऊन सडतो ते दिसत नाही का तुले? मी म्हटलं, दिसते. कुसुमबाईपण दिसते. तुम्ही वही मिटली. दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू. पाच वेळा तरी झालं असेल. एकदाही कोणी जिंकलं नाही. तुमच्याशी भांडताना मला भीती वाटत नव्हती, हे मला भांडण झाल्यावर आठवायचं आणि मग भीती वाटायची.

तुळशीच्या लग्नाआधी आमच्या घरात सगळ्यांना ताप आला. माझा लवकर उतरला. पाचव्या दिवशी चुलीवर दूध ठेवलं, ते उतू जाऊन करपलं, शेजारीण बाहेरून ओरडत आली, "सुनंदे, घर जाळतं का वं?" मी चुलीपुढेच बसलेली होते. मी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. काही नाही. उदबत्ती, साबण, मुलीचं डोकं. काही नाही. जसं कोणी दार लावून घेतलं आणि मी बाहेर राहिले.

दोन दिवसांनी तुमचा फोन आला, बरी असशील तर ये, संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल ऐन भरात आहे. मी आले.

एसटीत मी ठरवलं होतं की सांगायचं. दारात चप्पल काढताना पण ठरलेलं होतं. तुम्ही रागावल्या नसत्या, मला माहीत आहे. बरं, आराम कर, म्हटलं असतं. पण मग त्या खुर्चीवर बसून मी काय केलं असतं? त्या खोलीत सगळ्यांजवळ काही ना काही होतं. माझ्याजवळ नाकाशिवाय काही नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढली, म्हणाल्या, "ये, तुझ्याशिवाय यंत्र आंधळं झालं होतं." मी बसले.

पहिल्या बरणीला मी अंदाजानं पाच सांगितले. तेवढ्यात पुठ्ठ्यावरून तुमचा चेहरा दिसला. भुवई जराशी उडाली. दुसऱ्या बरणीला मी बोलायच्या आधी पाहिलं. यंत्र तुम्हाला दिसत होतं, तुम्ही मला दिसत होत्या. आकडा लहान असला की तुमचा पेन बोटांत फिरत राहायचा. मधला असला की पेन थांबायचा. मोठा असला की तुम्ही चष्मा वर सरकवायच्या. चार-पाच दिवसांत मी तुम्हाला अर्ध्या आकड्यापर्यंत वाचायला लागले. कापडावर नाक टेकवायची, कोपरात खुपसायची, डोळे मिटल्यासारखे करायची, सगळं नाटक. आणि पापणीच्या फटीतून तुमचा चष्मा.

तुम्ही खुश होत्या. "काय झालं तुले सुनंदा? फराळ नाकाले लागला काय? इतकं तर कधी जुळलं नव्हतं!" त्या दिवशी तुम्ही स्वतः चहा केला, आलं घालून. मी म्हटलं, आलं छान लागून राहिलं. तेही खोटं.

मॅडम, ते जुळणारच होतं. तिसऱ्या रकान्यात माझं काहीच नव्हतं. दुसराच रकाना तुमच्या चेहऱ्यावरून फिरून परत वहीत येत होता. माणसाचं मन न कळत झुकू नये म्हणून तुम्ही पुठ्ठा लावला. कळून झुकणाऱ्या बाईचा विचार तुम्ही केला नव्हता.

नंतर माल संपला, बरण्या धुऊन ठेवल्या. माझा वास हळूहळू आला, पण वाकडा आला. कांद्याला जळक्या टायरचा वास, मोगऱ्याला औषधाचा. आणि मधेच नसलेल्या वस्तूंचा. गजानन, माझे मालक, त्यांना इथं केरळात संत्री उतरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे काम लागलं. मी लगेच हो म्हटलं. सगळ्यांना वाटलं नवऱ्यामागं चालली. मी तुमच्या पुठ्ठ्यापासून पळत होते.

तुम्ही बडनेऱ्याला स्टेशनवर सोडायला आल्या. कॉलेज सोडून, भर दुपारी. खिडकीतून हात घालून माझ्या मुलीच्या गालाला लावला आणि मला म्हणाल्या, "नाक सांभाळ. मृग बहाराच्या मालाले बोलावतो तुले." मी तोंड उघडलं होतं, तुमची शप्पथ. गाडी हलली. गाडीचं नाव का घ्यावं, अजून दोन मिनिटं उभी असती तरी मी काही बोलले नसते.

तुम्ही बोलावलं, मी आले नाही. एकदा मुलीची परीक्षा सांगितली, एकदा सुट्टी मिळत नाही सांगितलं. तुम्ही कधी ताणलं नाही.

आणि मग तो शेवटचा फोन. अकोल्याच्या दवाखान्यातून. आवाज अर्धा झालेला. मुलीचं विचारलं, पावसाचं विचारलं. मग म्हणाल्या, "सुनंदा, एक विचारू?"

"विचारा ना जी."

"त्या दिवसांत, तुळशीच्या लग्नानंतर, तुले सर्दी-बिर्दी होती का वं?"

माझ्या हाताला घाम सुटला. मी म्हटलं, "नाही मॅडम."

"बरं." मग म्हणाल्या, "तिथं थंडाव्याले अमोनिया वापरत असतीन. त्याचा अलार्म हाय ना? महिन्यातून एकदा तपासायले लाव त्यायले. नाकावर राहू नको."

बस. एवढंच. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकला नाही.

नाकावर राहू नको. हे तुम्ही सगळ्यांनाच सांगत असाल. वायू मोजणाऱ्या माणसाचं ते बोलणंच आहे. की मलाच सांगितलं? तुम्हाला कळलं होतं का? वहीत ते अठरा दिवस इतके चोख पाहून तुम्हालाच शंका आली का? आणि दवाखान्यात पडल्या पडल्या तुम्ही माझ्यासाठी दार उघडून धरलं, आणि मी नाही म्हणून ते लावून घेतलं? मी हे इतक्या वेळा उलटंपालटं करून पाहिलं की आता तुमचा "बरं" मला नीट आठवतही नाही. कधी तो विश्वासाचा वाटतो. कधी नाही.

परवा, तुमच्या दसव्याच्या आदल्या दिवशी, चेंबरमध्ये मला राळेचा वास आला. एवढा दाट की डोळे चुरचुरले. मला वाटलं वायर पेटली. मी ओरडले, "जल रहा है, बाहर चलो!" सगळे धावत बाहेर. सुपरवायझरनं आत जाऊन पाहिलं, वायरी पाहिल्या, भिंतीवरच्या अमोनियाच्या अलार्मचा आकडा पाहिला. शून्य. तो हसत आला, "चेच्ची, सपना देखा क्या?" चेच्ची म्हणजे ताई. सगळे हसले. मी पण हसले. पण माझा वास गेला नव्हता. उघड्या दारातून थंड वाफ येत होती, चेंबर रिकामं, आकडा शून्य, आणि राळ जळून राहिली होती. मला खरंच वाटलं, तुम्ही पुठ्ठ्याच्या पलीकडे बसल्या आहात, पेन हातात आहे, आणि मी काय सांगते त्याची वाट पाहून राहिल्या. या वेळी मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. पाहून सांगायची सोय नव्हती.

घरी येऊन गजाननला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांनी त्यांनाही पहिल्यांदाच. ते भात कालवायचे थांबले.

"मंग आता काहून सांगतं वं? त्या बाईचं नाव होऊन राहिलं ना? होऊ दे. मेलेल्या माणसाचं काम बिघडवतं काय?"

"नाव त्यायचं होईन. आकडा माया हाय ना."

"आणि लोकं काय म्हणतीन तुले?"

"म्हणतीन तेच म्हणतीन. लबाड."

"पाह्य बा," ते म्हणाले आणि भात कालवायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "फोनात पैसे हायेत का? माया फोन घे."

काल सकाळी प्रणालीला फोन लावला.

"प्रणाली, वही उघड."

"मावशी, मी बसमध्ये उभी आहे हो!"

"मंग उतरून उघड."

तासाभरानं तिनं केला. मी सांगितलं. दूध करपलं तिथपासून, चष्म्यापर्यंत.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला कळते ना, हे दिवस काढले तर उरलेला आलेख वाकडा येते. पेपर परतही येऊ शकते."

"येऊ दे."

"मॅडम तीन वर्षं त्या पानांवर विसंबून होत्या."

"माहीत आहे मले."

ती रागावली होती. तिचा हक्कच आहे. आता ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत राहिले, पण ती पानं उलटत होती, आवाज येत होता. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "खोडू का सगळं?"

"खोडू नको. आकडा आहे तिथं राहू दे. त्याच्यावर एक रेघ मार आणि बाजूला खरं लिही."

"खरं काय लिहू?"

"वास आला नाही."

तिनं पहिल्या दिवसाची तारीख वाचली. सहा बरण्या, सहा आकडे. विचारलं, "पहिली?" मी म्हटलं, "वास आला नाही." "दुसरी?" "वास आला नाही." मला वाटलं ती एक दिवस करेल आणि म्हणेल, बास, बाकीचं मी लिहिते. पण ती तुमचीच विद्यार्थिनी. प्रत्येक दिवस, प्रत्येक बरणी. आणि मी प्रत्येकीला जबाब दिला. गजानन कामावर निघाले, डबा घेऊन दारात उभे राहिले, ऐकून घेतलं, गेले. दहाव्या दिवसापर्यंत माझा घसा बसला. तरी ती विचारत राहिली.

अठराव्या दिवसाची सहावी बरणी तिनं विचारलीच नाही. नुसती थांबली.

मी म्हटलं, "वास आला नाही, मॅडम."

प्रणालीनं मला टोकलं नाही. लिहून घेतलं.